आईच्या लघवी निसटण्यावर ऑपरेशन सांगितलंय, कोणतं करावं? मदत हवी आहे

नमस्कार. मी धुळ्याला असते, आई यावल तालुक्यात गावी. वय ५४. तीन बाळंतपणं, तिन्ही नॉर्मल, त्यातलं मधलं घरीच. आठ वर्षांपूर्वी पिशवी काढली आहे. खोकली, शिंकली, हंडा उचलला की लघवी सुटते.

मला हे कळलं गेल्या श्रावणात. कानबाईच्या विसर्जनाला बाया फुगड्या घालत होत्या आणि आई ओट्यावर बसून होती. एकेकाळी फुगडीत तिच्यासमोर कोणी टिकत नसे. रात्री खोदून विचारलं तर म्हणाली, "हाई ते बायास्ले व्हसच." मग गोधडीखालून जुन्या लुगड्याच्या घड्या काढून दाखवल्या. धुतलेल्या, पण उन्हात न वाळवलेल्या. कोणी बघेल म्हणून खाटेखाली दोरी बांधून वाळवायची. एसटीने जळगावला जायचं असलं की आदल्या रात्रीपासून पाणी बंद. इतकी वर्षं मला कसं दिसलं नाही, हे मनातून जात नाही.

आधी एका डॉक्टरांनी तीन महिने गोळ्या दिल्या. तोंड कोरडं पडलं, फरक काहीच नाही. त्या गोळ्या अचानक जोराची लागते आणि मोरीपर्यंत पोचेस्तोवर सुटते, त्या त्रासावरच्या होत्या. आईला तशी घाई होत नाही. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी लघवी भरलेली असताना उभं करून खोकायला लावलं, तिथेच निदान झालं. लघवी करून आल्यावर आत किती उरते त्याची सोनोग्राफी, लघवीची तपासणी, शुगर, सगळं ठीक. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून तिने चार महिने केले, वजन ५ किलो उतरवलं. बरंच कमी झालं म्हणते. पण निंदणीला उकिडवं बसून उठलं की पुन्हा तेच.

आता ऑपरेशनचं ठरतंय आणि मी गोंधळले आहे. बाई म्हणतात टेप टाकू. १९९६ पासूनची पद्धत आहे. मूत्रनळीच्या मधोमध खालून जाळीची अरुंद पट्टी सैलसर ठेवायची, खोकल्यावर नळी तिच्यावर दाबून बंद होते. त्यातही दोन रस्ते. टीव्हीटीत सुई ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडामागून वर जाते, तिथे मूत्राशयाला भोक पडण्याचा धोका, म्हणून आत दुर्बीण घालून बघतात. टीओटीत पट्टी मांडीच्या आतल्या बाजूने जाते. मूत्राशय जास्त सुरक्षित, पण जांघ दुखत राहू शकते, आणि पुढे काढायची वेळ आली तर पूर्ण काढणं फार अवघड. माझी आई दिवसभर उकिडवं बसणारी बाई. तिला जांघेचं दुखणं मागे लागलं तर काय?

जाळीचीच मला भीती वाटते. इंग्लंडमध्ये जुलै २०१८ मध्ये या टेपवर स्थगिती आली, बायकांना दुखणं, जाळी योनीत उघडी पडणं असे त्रास झाले म्हणून. दुसरा पर्याय पोटाच्या स्नायूवरच्या पडद्याची पट्टी काढून तिचाच आधार द्यायचा. बाहेरचं काही शरीरात राहत नाही, पण पोटावर चिरा आणि नंतर लघवी अडण्याची शक्यता जास्त. काहींना काही दिवस लघवी काढायला स्वतः नळी घालावी लागते, ते गावी कसं जमणार? बर्च नावाचं टाक्यांचं ऑपरेशनही असतं, दुर्बिणीतून होतं. मूत्रनळीच्या भिंतीत देतात त्या इंजेक्शनचा गुण कमी आणि पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं, म्हणून ते मी सोडून दिलंय.

यातलं काही करून घेतलेल्या कोणी आहात का? शेतातलं काम पुन्हा कधी जमलं? जळगाव-धुळ्यात पडद्याचं किंवा बर्चचं नेहमी करणारे कोणी आहेत का, की नाशिक गाठावं? फुले योजनेत यातलं काही बसतं का?

प्रतिसाद

ताई, माझं टीव्हीटी चार वर्षांपूर्वी नाशिकला झालं. दुसऱ्या दिवशी घरी. सोडण्याआधी लघवी मोकळी होते का आणि आत किती उरते ते मोजलं, हे तुम्हीही मागून घ्या. सहा आठवडे हंडा, पाटी काही उचलू दिलं नाही. खोकल्यावरचं पूर्ण थांबलं, फक्त धार पूर्वीपेक्षा बारीक आहे. डॉक्टरांना थेट विचारा, वर्षाला किती करता, नंतर त्रास झाला तर जाळी कोण काढणार? या दुसऱ्या प्रश्नाला नीट उत्तर मिळालं म्हणून मी हो म्हटलं. आणि अंग बाहेर येण्यावर योनीतून बसवतात ती मोठी जाळी वेगळी. अमेरिकेत २०१९ मध्ये विक्री थांबवली ती त्या जाळीची, या पट्टीची नाही. दोन्हींचं एकत्र वाचून मीही फार घाबरले होते.

धागाकर्ती

ताई, खूप आभार. हे दोन्ही प्रश्न लिहून घेतले. सोमवारी आईला घेऊन बाईंकडे जातेय, टीओटी सुचवलं तर त्याऐवजी टीव्हीटी का नको हेही विचारते. पडद्याचं ऑपरेशन झालेल्या कोणी असाल तर त्याआधी नक्की लिहा. लघवी अडली होती का आणि किती दिवस, एवढं सांगितलंत तरी चालेल.