पीएच मीटर: दोन बफर, पण कोणते?
पीएच मीटर म्हणजे माती किंवा द्रावण आम्लधर्मी (७ च्या खाली) की अल्कधर्मी (७ च्या वर) ते मोजणारं यंत्र, आणि बफर म्हणजे ते जुळवायला लागणारं ठरलेल्या पीएचचं द्रावण. दोन बफर आणि सोबतची पुस्तिका एवढ्यावर हे मीटर शिकता येतं, असं म्हणतात. यंत्र चालू करण्यापुरतं ते खरंच पुरतं. पण कोणते दोन बफर, हे कुणी सांगत नाही, आणि नवख्याचं नेमकं तिथंच चुकतं. परभणीला माती परीक्षणाच्या कामाला लागलो तेव्हा मी कॉलेजातल्या सवयीनं ७ आणि ४ च्या बफरवर मीटर जुळवायचो. आपली काळी माती चुनखडीची, पीएच बहुतेक वेळा ८ च्या आसपास. म्हणजे जुळवणी ७ च्या खाली, मोजणी ७ च्या वर. तिथल्या जुन्या सहायक काकांनी ९.२ चा बफर पुढं केला, "आपल्या रानाला हा लाव बाबा" म्हणाले. त्यात इलेक्ट्रोड, म्हणजे मीटरची काचेची मोजणारी कांडी, बुडवला तर आकडा ९.२ ऐवजी ८.९ वर येऊन थांबला. तेव्हापासून ७ आणि ९.२.

हा ९.२ चा बफर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतो आणि त्याचा पीएच उतरतो, म्हणून वापरलेला परत बाटलीत ओतू नका. इलेक्ट्रोडची काच पुसताना घासू नका, टिश्यूनं नुसतं पाणी टिपा. आणि ठेवताना डिस्टिल्ड वॉटरमध्ये अजिबात ठेवू नका, पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवा. आमच्याकडं एक चांगला इलेक्ट्रोड रात्रभर साध्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये राहून राहून मंद झाला. आकडा स्थिरावायला पाच-पाच मिनिटं लागायची आणि बाहेर शेतकरी पिशव्या घेऊन ताटकळत बसायचे.