मुद्दाम हरतात की नव्याने बांधतात? तुमच्या टीमचा अनुभव लिहा

नमस्कार मंडळी. हा धागा काढायचं कधीपासून मनात होतं. आपल्यातले कितीतरी जण इकडे अमेरिकेत पंधरा-वीस वर्षं राहतायत, क्रिकेट सुटलेलं नाही, पण राहत्या शहराची एखादी टीम गळ्यात पडलेली असतेच, आणि कधी ना कधी ती दोन-तीन वर्षं नशिबी येतात की टीम हरतेय, परत हरतेय, आणि वरचे लोक शांतपणे सांगतायत की धीर धरा, आम्ही नव्याने बांधतोय. तेव्हा तुम्हाला आतून काय वाटलं, ते लिहा. आकडे कुठेही मिळतील, मला अनुभव हवेत.

जे हे खेळ बघत नाहीत त्यांच्यासाठी एवढंच, की इथे तळाला गेलेली टीम खालच्या लीगमध्ये ढकलली जात नाही. उलट पुढच्या वर्षी नवे खेळाडू निवडायची वेळ येते, ज्याला ड्राफ्ट म्हणतात, तेव्हा तळाच्या टीमला आधी निवडायला मिळतं किंवा निदान तशी शक्यता सगळ्यात जास्त असते. म्हणजे धड वर नाही धड खाली नाही अशी टीम असण्यापेक्षा पार तळाला जाणं फायद्याचं. यालाच टँकिंग म्हणतात, आणि टीम नव्याने बांधण्याला रिबिल्ड.

माझ्यापासून सुरुवात करते. आम्ही फिलाडेल्फियाच्या उपनगरात. 2013 साली सिक्सर्सनी, म्हणजे इथल्या बास्केटबॉल टीमने, सॅम हिंकीला जनरल मॅनेजर केलं आणि त्या माणसाने पहिल्याच ड्राफ्टच्या रात्री ज्रू हॉलिडे, जो त्याच वर्षी ऑल-स्टार झाला होता, त्याला न्यू ऑर्लिन्सला देऊन टाकला आणि बदल्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालेला नर्लेन्स नोएल आणि पुढच्या वर्षीचा एक पिक, म्हणजे ड्राफ्टमध्ये निवडायची एक पाळी, घेतला. नोएल अख्खा सीझन खेळलाच नाही. पुढच्या वर्षी जोएल एम्बीड घेतला, त्याचा पाय मोडलेला, तो दोन सीझन बाहेर. 82 पैकी 19 मॅच जिंकलो, मग 18, मग 10. लोक 'ट्रस्ट द प्रोसेस' म्हणायला लागले, आधी वैतागाने आणि मग खरंच श्रद्धेने.

माझा मुलगा तेव्हा लहान. 1 डिसेंबर 2015 ला मी त्याला घेऊन मॅचला गेले, तो नऊ वर्षांचा होता. टीम त्या सीझनच्या 18 पैकी 18 हरलेली, आधीच्या सीझनच्या शेवटच्या 10 धरल्या तर सलग 28. समोर लॉस अँजेलिसचे लेकर्स आणि त्यांच्या कोबी ब्रायंटची फिलाडेल्फियातली शेवटची मॅच. कोबी इथलाच, लोअर मेरियन हायस्कूलचा, त्यामुळे एरवी रिकाम्या असणाऱ्या खुर्च्या सगळ्या भरलेल्या आणि निम्म्या अंगांवर लेकर्सचा पिवळा-जांभळा. आणि आम्ही चक्क पुढे होतो. शेवटची काही मिनिटं राहिली तसे लोक उभे राहायला लागले, मीही उभी राहिले, आणि हा माझी बाही ओढून विचारतो, "आई, आपण जिंकलो तर ते चांगलं की वाईट?" कारण शाळेत मोठी मुलं त्याला सांगायची की हरलं पाहिजे, जिंकलं तर पिक जातो. 103-91 जिंकलो आम्ही. मी त्याला ओरडून सांगितलं चांगलं रे, चांगलंच, पण गाडीत बसल्यावर मला रडू आलं, कारण नऊ वर्षांच्या मुलाला हा प्रश्न पडावा हेच मला सहन झालं नाही.

माझं मत सांगते. कोर्टवरचा एकही खेळाडू मुद्दाम हरत नव्हता. त्या 10 विजयांच्या टीममध्ये टी. जे. मॅकॉनेल नावाचा पोरगा होता, ड्राफ्टमध्ये त्याला कोणीच घेतला नव्हता, तो प्रत्येक सुट्या बॉलमागे अंग झोकून द्यायचा, जणू त्या बॉलवर घर चालतंय, आणि खरंच चालत होतं. हरण्याची व्यवस्था वर ऑफिसात झालेली असते, जिंकू शकणारी माणसंच टीममध्ये ठेवायची नाहीत अशी. हिंकीने ती लपवली नाही एवढं त्याच्या बाजूने मी म्हणेन. एप्रिल 2016 मध्ये तो 13 पानांचं पत्र लिहून गेला.

आता तुम्ही लिहा.

ट्रॉय, मिशिगन

आमची गोष्ट उलटी आहे म्हणून लगेच लिहितोय. डेट्रॉइट पिस्टन्स, बास्केटबॉलच. 2022-23 ला सगळ्यात वाईट रेकॉर्ड आमचा, 17-65, आणि त्या वर्षी ड्राफ्टमध्ये वेंबान्यामा, ज्याच्यावर सगळ्यांचा डोळा होता. आम्ही सगळे मित्र लॉटरी, म्हणजे ड्राफ्टमध्ये कोणाचा नंबर कितवा याची सोडत, बघायला एकाच्या बेसमेंटमध्ये जमलो, पोहे-चहा सगळं, आणि आमचा नंबर आला पाचवा. तेव्हा नियम असा की तळाच्या तिन्ही टीमना पहिल्या पिकची शक्यता सारखीच, 14 टक्के, 2019 च्या आधी सगळ्यात तळाच्या टीमला 25 असायची. तर वेंबान्यामा गेला सॅन अँटोनिओला आणि आम्ही उरलेले पोहे खात बसलो.

पण मला सांगायचंय ते पुढच्या सीझनचं. त्या वर्षी आमची टीम मुद्दाम हरत नव्हती हो, त्यांना जिंकायचं होतं, मोठा पगार देऊन नवा कोच आणलेला. आणि तरी सलग 28 हरले, एकाच सीझनमध्ये एवढ्या सलग कोणी हरलेलं नाही. त्यातली 27 वी हार मी तिथे बसून बघितलीय, 26 डिसेंबर, ब्रुकलिनविरुद्ध. आमच्या केड कनिंगहॅमने 41 पॉइंट काढले. शेवटी त्याने बॉल हातात घेतला की सगळ्या हॉलचा श्वास अडकायचा, लोक 'सेल द टीम' ओरडत होते आणि त्याच लोकांना तो बॉल जाळीत जायला हवा होता. 118-112 हरलो. संपल्यावर तो कमरेवर हात ठेवून वरच्या स्कोअरबोर्डकडे बघत उभा होता, ते मला अजून दिसतं. 41 पॉइंट काढणारा माणूस मुद्दाम हरतो असं माझ्यासमोर कोणी म्हणू नये.

30 तारखेला टोरोंटोला हरवलं एकदाचं. सीझन 14 विजयांवर संपला, आणि पुढच्या वर्षी तोच केड आणि बरीचशी तीच पोरं घेऊन 44 जिंकले. मग ते रिबिल्ड होतं की नुसता गोंधळ? मला वाटतं गोंधळच होता, पण पोरांनी निस्तरला.

केटी, टेक्सास

ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज, बेसबॉल. 2011 ला 106 हार, 2012 ला 107, 2013 ला 111. सप्टेंबर 2013 मध्ये एका मॅचचं टीव्ही रेटिंग 0.0 आलं होतं, म्हणजे एवढ्या मोठ्या शहरात मोजण्याइतकंही कोणी बघत नव्हतं.

त्या उन्हाळ्यात बाबा आले होते कोल्हापूरहून. तरुणपणी तालमीत गेलेला माणूस, खासबागची मैदानं बघत मोठा झालेला. तिकिटं अगदी स्वस्त म्हणून मी त्यांना चार-पाच वेळा घेऊन गेलो. त्यांना बेसबॉल कळायला वेळ लागला, पण एक दिवस मी समजावलं की चांगले खेळाडू विकून टाकलेत, पुढच्या वर्षी पहिला नंबर मिळावा म्हणून, तर म्हणाले, "मग ही नुरा कुस्तीच की." मी म्हटलं नाही बाबा, नुरा कुस्तीत दोन्ही पैलवानांना आधी माहीत असतं, इथे आखाड्यातल्या पोरांना कोणी विचारलेलंच नाही. त्यावर त्यांनी सेकंड बेसवरच्या बुटक्या पोराकडे बोट केलं आणि म्हणाले, "पण ह्याला कोणी सांगितलेलं दिसत नाही." तो होजे अल्टुव्हे. साडेपाच फूट उंची, 15,000 डॉलरवर साइन झालेला, ती तिन्ही वर्षं तो टीममध्ये होता. त्या दिवसापासून बाबांसाठी तो "आपला पैलवान".

2017 ला वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची फायनल, जिंकलो, सातव्या मॅचचा शेवटचा बॉल अल्टुव्हेकडेच घरंगळत आला आणि त्याने पहिल्या बेसकडे फेकला. भारतात सकाळ होती, बाबा फोनवर, मी रडतोय, ते म्हणतायत अरे काय झालं ते तरी सांग.

आणि मग 2020 च्या जानेवारीत लीगनेच सांगितलं की त्या सीझनला आमच्या टीमने कॅमेरा लावून समोरच्यांच्या, बॉल कसा टाकायचा त्याच्या खुणा चोरल्या. 50 लाख डॉलर दंड, ड्राफ्ट पिक गेले. खरं सांगू, हरलेल्या तीन वर्षांबद्दल माझ्या मनात आज काही नाही. जिंकलेल्या वर्षाबद्दल आहे. बाबांना ते सगळं मी नीट सांगितलंच नाही.

पूर्वी बफेलो, आता बंगळुरू

तिथे एमएस करत होतो. 26 मार्च 2015, सेबर्स विरुद्ध अ‍ॅरिझोना, आइस हॉकी, दोन्ही टीम तळाला, कारण त्या वर्षी ड्राफ्टमध्ये कॉनर मॅकडेव्हिड आणि जॅक आयकल असे दोन हिरे होते. मॅच ओव्हरटाइममध्ये गेली, अ‍ॅरिझोनाने गोल केला, आणि आमच्याच हॉलमध्ये आमचेच लोक आनंदाने ओरडले. मीही ओरडलो, रूममेट ओरडला, सगळ्यांनी हात वर केले. मग खाली लक्ष गेलं तर सेबर्सचे खेळाडू बर्फावरून मान खाली घालून आत जात होते. ओरडून झाल्यावर तोंडात जी कडू चव आली ती विसरलो नाही.

सीझनअखेर शेवटचे आलो. लॉटरी एडमंटनने जिंकली, मॅकडेव्हिड तिकडे. आम्हाला आयकल मिळाला, तो आमच्याकडे एकदाही प्लेऑफ, म्हणजे सीझननंतरची बाद फेरी, खेळला नाही, पुढे व्हेगासला गेला आणि 2023 ला तिथे स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकला. हरायची सवय लागली की ती टीमच्या अंगात मुरते असं माझं ठाम मत आहे. नव्या पोराला जिंकणं शिकवणारं कोणी उरलेलंच नसतं.

पिंपरी

आपल्याकडचं लिहू का? चालेल ना? आयपीएलमध्ये ड्राफ्ट नाही, लिलाव आहे, तळाला जाऊन काही मिळत नाही, म्हणून मुद्दाम हरण्यात अर्थच नाही. पण 2022 ला मुंबई इंडियन्स पहिल्या आठच्या आठ हरले तेव्हा आमच्या ग्रुपवर रोज हेच चालू, की मुद्दाम चाललंय, पुढच्या वर्षासाठी चाललंय. कारण जोफ्रा आर्चरला 8 कोटी देऊन घेतलेला, तो त्या वर्षी खेळणार नाही हे माहीत असून.

मी 13 एप्रिलला गहुंज्याला होते, पंजाबविरुद्ध. ब्रेविस नावाचं एकोणीस वर्षांच्या आतलं पोरगं आलं आणि राहुल चहरला सलग चार सिक्स मारले. गहुंजे म्हणजे हायवेच्या कडेला, उघडं, वारा सुटलेला, आणि तो बॉल प्रत्येक वेळी अंधारात जाऊन परत खाली यायचा. 49 ला आऊट झाला, मॅच 12 रननी हरलो, सलग पाचवी. पण बाहेर पार्किंगला गाडी काढायला तासभर लागला तेव्हा लोक हरल्याचं बोलत नव्हते, ब्रेविसचं आणि तिलक वर्माचं बोलत होते. मला तरी ते नव्याने बांधणंच वाटलं. शेवटचा नंबर आला, पुढच्या वर्षी क्वालिफायर टू पर्यंत गेले.

नाव नको

मी टीमचं नाव घेत नाही. तीन वर्षांचं सीझन तिकीट घेतलं तेव्हा विकणाऱ्या माणसाने समोर बसून सांगितलं होतं की यंदा प्लेऑफ नक्की. सही केली, दीड महिन्यात दोन मोठे खेळाडू विकले. फोन केला तर म्हणे धोरण बदललं. मुलीचं वाढदिवसाचं गिफ्ट होतं ते. हरा हो, खुशाल हरा, पण पैसे घेताना खरं सांगा आणि किंमत कमी करा. बाकी मला टँकिंग आणि रिबिल्डमध्ये फरक दिसत नाही.

प्लेनो

डॅलस, बास्केटबॉल. 2023 ला शेवटून दुसऱ्या मॅचला, प्लेऑफची आशा जिवंत असताना, मेन खेळाडू बसवले आणि हरले. आमचा पिक पहिल्या दहात आला तरच आमच्याकडे राहणार होता, तो वाचवायचा होता. लीगने साडेसात लाख डॉलर दंड केला. मी तेव्हा खूप चिडलेलो. त्याच पिकच्या अदलाबदलीतून डेरेक लाइव्हली आला आणि पुढच्या वर्षी आम्ही फायनलला. मग राग कुठे ठेवायचा कळेना. अजून कळत नाही.

(धागा काढणारी)

सगळ्यांचं वाचलं. केटीकरांच्या बाबांचं दोनदा वाचलं. नाव नको म्हणणाऱ्यांशी मी शंभर टक्के सहमत, खरं सांगणं ही पहिली अट.

कोणीतरी विचारेलच की तुमच्या प्रोसेसचं पुढे काय झालं, तर एम्बीड 2023 ला एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला, पण टीम प्लेऑफच्या दुसऱ्या राउंडच्या पुढे गेली नाही. 2019 ला टोरोंटोत त्यांच्या कवाय लेनर्डचा तो शेवटचा बॉल रिंगवर चार वेळा उडाला आणि आत गेला, आमच्या घरात त्या रात्री कोणी जेवलं नाही. आणि ओक्लाहोमा सिटी, जी 2021 ला मेम्फिसकडून 73 पॉइंटनी हरली होती, ती 2025 ला चॅम्पियन झाली. त्यांनीही तळ बघितला, पण शाई गिल्जस-अलेक्झांडरला विकला नाही, त्याच्या भोवती पोरं वाढवली, आणि जेलन विल्यम्स तर त्यांना 12 व्या नंबरला मिळालेला, तळाच्या पिकने नाही. माझ्या मते रिबिल्ड म्हणजे हे.

त्याच फायनलची तिसरी मॅच. समोर इंडियाना. माझा मुलगा आता कॉलेजला, हॉस्टेलवर. मी इथे एकटी सोफ्यावर. तेहतीस वर्षांचा एक गोरा, बुटकासा खेळाडू बेंचवरून येतो आणि ओक्लाहोमावाले निवांत बॉल आत टाकत असताना मागून झडप घालून पळवतो, एकदा नाही, परत परत. पाच स्टील्स काढल्या त्या रात्री. टी. जे. मॅकॉनेल. फोन वाजला, पलीकडून नुसता आरडाओरडा, "आई बघतेयस का, आई, आपला टीजे!"