घोडबंदर रोडवरचे सहा लाल ठिपके: ब्लॅक स्पॉट की नुसता योगायोग?

वर्तकनगरी (धागाकर्ता)

ठाण्यातल्या घोडबंदर रोडलगतच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक नकाशा फिरतोय. कापूरबावडी ते गायमुख या साधारण दहा किलोमीटरच्या पट्ट्यावर, तीन वर्षांच्या बातम्या चाळून, गंभीर अपघातांचे चाळीस लाल ठिपके टाकलेत. एका दुभाजकाच्या कटापाशी अर्ध्या किलोमीटरात सहा ठिपके दाटलेत, म्हणून तो कट कायमचा बंद करा अशी सह्यांची मोहीम सुरू आहे. माझ्या मते या नकाशावरून कट दोषी ठरत नाही, आणि कुणी सही करण्याआधी पुढचा हिशेब स्वतः करून पाहावा.

दहा किलोमीटर म्हणजे अर्ध्या किलोमीटरचे वीस तुकडे. चाळीस अपघात, म्हणजे तुकड्यामागे सरासरी दोन. आता असं धरा की सगळे तुकडे अगदी सारखेच धोक्याचे आहेत. एक्सेलमध्ये चाळीस घरांत रँडबिटवीन(१,२०) टाका, शेजारी १ ते २० समोर काउंटइफने प्रत्येक तुकड्याचे अपघात मोजा, सर्वांत मोठा आकडा मॅक्सने काढा. एफ-९ दाबत राहा. प्रत्येक तुकड्यात दोन-दोन असं शांत चित्र कधीच दिसणार नाही. दोन-तीन तुकडे रिकामे, आणि कुठेतरी पाच किंवा जास्त, हे शंभरातून साठाहून अधिक वेळा दिसेल. सहा किंवा जास्त चारांतून साधारण एकदा. रस्ता सगळीकडे सारखा असताना!

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची राष्ट्रीय महामार्गांसाठीची ब्लॅक स्पॉटची व्याख्याही अशीच आहे: सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन कॅलेंडर वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू. तो उंबरठा योगायोगानेही सहज ओलांडला जातो. त्यात नकाशा बनवणाऱ्याने तुकडे आधी आखलेले नाहीत. ठिपके दाटलेले दिसले तिथे चौकट ठेवली. चौकट सरकवायची मुभा असली की सहाचा पुंजका सापडण्याची शक्यता आणखी वाढते. आधी गोळ्या झाडायच्या आणि मग भोकांभोवती वर्तुळ काढायचं, असला हा नेम.

याचं गाजलेलं उदाहरण लंडनचं आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे व्ही-१ बॉम्ब ठरावीक वस्त्यांवरच पडतात अशी लोकांची खात्री होती. आर. डी. क्लार्क या विमागणितज्ञाने १९४६ मध्ये दक्षिण लंडनचे पाव चौरस किलोमीटरचे ५७६ चौकोन पाडून ५३७ बॉम्ब मोजले. २२९ चौकोनांत एकही नाही, २११ मध्ये एक, ९३ मध्ये दोन, ३५ मध्ये तीन, ७ मध्ये चार. निव्वळ यदृच्छेचं पॉयसाँ गणित सांगत होतं अनुक्रमे २२६.७, २११.४, ९८.५, ३०.६ आणि ७.१. लोकांना दिसलेला नेम तिथे नव्हताच.

मैलाचा_दगड

क्लार्कचं उदाहरण अचूक आहे, पण इथे लागू पडत नाही. त्या बॉम्बला खाली कुठला चौकोन आहे याच्याशी देणंघेणं नव्हतं. अपघाताला असतं. गायमुखचा घाट आणि मानपाड्याचा सरळ भाग सारखे धोक्याचे आहेत असं गृहीत धरून तुम्ही सुरुवात केलीत, आणि त्या गृहीतकातच निकाल ठरला. उतार, वळण, सेवा रस्ता मुख्य रस्त्याला मिळतो ते तोंड, मेट्रोच्या कामाचे पत्रे लावून अरुंद झालेली लेन, रात्री सुटलेली अवजड वाहनं... धोका तुकड्यागणिक बदलतो, हे मोजणीआधीच ठाऊक आहे.

आता तुमचंच गणित उलटं करा. समजा एक तुकडा खरोखर दुप्पट धोक्याचा आहे, म्हणजे तिथली तीन वर्षांची खरी सरासरी चार. तिथे पाच किंवा जास्त अपघात नोंदले जाण्याची शक्यता किती? पॉयसाँनेच काढा: ३७ टक्के. म्हणजे दुप्पट धोक्याची जागा शंभरातून ६३ वेळा या उंबरठ्याखाली निसटते. निर्दोष जागेवर शिक्का बसण्याची तुम्हाला काळजी आहे, मला या ६३ वेळांची आहे. तिथे माणसं मरतात.

पुंजका खरा की भास हे ठिपके मोजून ठरत नाही, ठिपक्यांच्या आत काय आहे त्यावर ठरतं. सहाही अपघातांचा टक्कर-आराखडा काढा: कोणतं वाहन कुठून कुठे जात होतं, धडक समोरून की बाजूने, वेळ, उजेड, रस्ता ओला की कोरडा. सहापैकी पाच अपघात अंधार पडल्यावर उजवीकडे वळणाऱ्या दुचाकीला सरळ येणाऱ्या वाहनाने ठोकल्याचे निघाले, तर कटाचा दोष समोर आहे. सहा अपघात सहा तऱ्हेचे निघाले, एक पादचारी, एक मागून धडक, एक घसरलेली बाइक, तर मी तुमच्या बाजूला.

वर्तकनगरी

टक्कर-आराखडा हवाच, सहमत. फक्त तो काढणाऱ्याला निष्कर्ष आधी माहीत नसावा. कट दोषी आहे हे मनात धरून पंचनामा वाचला की 'वळताना' हा शब्द सहाही ठिकाणी सापडतो. तुलनेसाठी जवळच्याच दुसऱ्या कटाचे पंचनामे त्यात मिसळून द्या.

शिवाय ठिपक्याची जागा तरी खरी आहे का? बातमीत 'अमुक हॉटेलसमोर', 'पेट्रोल पंपाजवळ', 'नाक्यावर' असं येतं. आगेमागे तीनशे मीटरांतलं सगळं त्या एका ओळखीच्या खुणेवर गोळा होतं. आयरॅड, म्हणजे आताच्या ई-डार या सरकारी अपघात-नोंद प्रणालीत मोबाइलवरून अक्षांश-रेखांश घेतात, ते बरं. तरी नोंद धडकेच्या जागेची आहे की गाडी बाजूला काढली तिथली, हे पाहावं लागतं.

ऐरोली_सेक्टर८

त्याच नकाशाखाली कुणीतरी 'यातले बरेच अमावस्येचे आहेत' असं लिहिलंय, आणि ते नकाशापेक्षा जोरात पसरलंय. त्याबद्दल बोलायला हवं.

अपघातांची यादी हातात आली की माणूस वार पाहतो, तास पाहतो, तिथी पाहतो. सात वार, चोवीस तास, तीस तिथ्या, म्हणजे एकसष्ट प्रश्न. प्रत्येकाला 'शंभरात पाच वेळा योगायोगाने दिसेल इतकं वेगळं' ही नेहमीची कसोटी लावली, तर काहीच खरं नसतानाही सरासरी तीन गोष्टी 'सापडतात'. त्या तिघींतली एक जर अमावस्या निघाली, तर उरलेल्या दोन, समजा मंगळवार आणि दुपारचे तीन, कुणी पुढे पाठवत नाही. एकसष्ट प्रश्न विचारायचेच असतील तर ०.०५ ला ६१ ने भागा आणि साधारण ०.०००८ ची कसोटी लावा. ही बॉनफेरोनीची कडक रीत. जरा सैल हवी असेल तर बेंजामिनी आणि हॉचबर्ग यांची १९९५ ची रीत आहे.

त्याहून बारीक गळती तिथीतच आहे. तिथी साधारण १९ ते २६ तासांची असते, मध्यरात्रीला सुरू होत नाही. त्यामुळे एक अमावस्या बहुतेक वेळा दोन तारखांना शिवते. मग 'आदल्या रात्री' आणि 'दुसऱ्या पहाटे' हेही अमावस्येच्या खात्यात. असे महिन्यातले तीन दिवस धरले की चाळिसातले चार अपघात आपोआप 'अमावस्येचे' होतात, आणि पाच-सहा झाले तरी त्यात नवल नाही.

कळवा_खाडी

ताई, गणित मान्य, पण अमावस्या म्हणताच झटकून टाकणंही बरोबर नाही. त्या रात्री चांदणं नसतं. दिवे बंद असलेल्या पट्ट्यावर काळा शर्ट घातलेला पादचारी पौर्णिमेला जितका दिसेल तितका अमावस्येला दिसणार नाही. इथे कारण आहे. मंगळवारला ते नाही.

ऐरोली_सेक्टर८

मग ते कारणच तपासू या, आणि आकडे उघडण्याआधी लिहून ठेवू या. चांदणं हेच कारण असेल तर तीन गोष्टी दिसायला हव्यात. फरक फक्त रात्रीच्या अपघातांत असेल, दिवसाच्या नाही. दिवे चालू असलेल्या तुकड्यांवर तो नाहीसा होईल. आणि पावसाळ्यात, आभाळ भरलेलं असताना, पौर्णिमाही अमावस्येसारखीच वागेल. गणनेसाठी तिथी नको, चंद्र क्षितिजावर होता की नाही ते घ्या, पंचांगात चंद्रोदय-चंद्रास्ताच्या वेळा असतात. तिन्ही जुळल्या तर मी मान्य करेन. पण चाळीस अपघातांत हे जमणार नाही. त्यांचे रात्र-दिवस, दिवे-अंधार, पाऊस-कोरडं असे भाग पाडले की एकेका कप्प्यात दोन-तीन उरतात. निदान सगळ्या शहराची काही वर्षांची नोंद लागेल.

गणिताचा_तास

'हा तर योगायोग' म्हणणारेही हिशेबात चुकतात, हे इथे कुणीतरी नोंदवायला हवं. १९८५ मध्ये गिलोविच, व्हॅलोन आणि ट्वर्स्की यांनी दाखवलं की बास्केटबॉलमध्ये खेळाडूचा 'हात बसला' हा भास आहे, कारण लागोपाठ बास्केट झाल्यावर पुढची होण्याचं प्रमाण वाढलेलं दिसत नाही. तीसेक वर्षं हे भासाचं नमुनेदार उदाहरण म्हणून शिकवलं गेलं. २०१८ मध्ये मिलर आणि सॅनहुर्हो यांनी त्या मोजणीतली गफलत प्रसिद्ध केली.

नाणं तीनदा उडवा. आठ शक्यता. प्रत्येकीत 'छाप्यानंतर लगेच छापा' याचं प्रमाण काढा. काटा-काटा-काटा आणि काटा-काटा-छापा यांत छाप्यानंतर काही येतच नाही, त्या गळल्या. उरलेल्या सहांची प्रमाणं: छछछ १, छछक अर्धं, छकछ ०, छकक ०, कछछ १, कछक ०. बेरीज अडीच, सरासरी ५/१२, म्हणजे ४२ टक्के. निर्दोष नाण्याला पन्नास अपेक्षित धरणारा इथेच फसतो. प्रमाण पन्नास निघालं, तर तो उलट हात बसल्याचा पुरावा ठरू शकतो. तेव्हा योगायोगाने किती अपेक्षित आहे, हा आकडासुद्धा तपासूनच घ्यावा लागतो.

मैलाचा_दगड

नेमकं हेच. वर्तकनगरींनी सरासरी दोन आणि सगळे तुकडे सारखे, असं अपेक्षित धरलं. ते आधी तपासा. वीस तुकड्यांच्या प्रत्येक आकड्यातून दोन वजा करा, वर्ग करा, दोनने भागा, बेरीज घ्या. ती ३०.१ च्या वर गेली तर 'सगळे सारखे' हे गृहीतक पाच टक्क्यांच्या कसोटीवर पडतं. मात्र खाली राहिली म्हणून ते सिद्ध होत नाही, इतक्या कमी आकड्यांत ही कसोटी अधू असते.

आणि लोक जॉन स्नो या इंग्रज डॉक्टरचं नाव घेऊन नकाशाची बाजू मांडतात, तिथेही नकाशाने काम केलं नव्हतं. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती पटकीचे मृत्यू दाटले होते. स्नोने अपवाद धुंडाळले. जवळच्या, गरिबांसाठीच्या वर्कहाऊसमध्ये पाचशेवर माणसं, पण मृत्यू फक्त पाच, कारण आत स्वतःची विहीर. शेजारच्या दारूभट्टीचे कामगार वाचले, ते पंपाचं पाणी पीतच नव्हते. आणि लांब हॅम्पस्टेडमध्ये एक विधवा दगावली, तिला ब्रॉड स्ट्रीटचं पाणी मुद्दाम आणून दिलं जायचं. पुंजक्याच्या बाहेरचा हा एक मृत्यू आतल्या कितीतरी ठिपक्यांपेक्षा जास्त सांगतो.

वर्तकनगरी

त्याच प्रकरणातलं पुढचंही सांगा. पंपाचा दांडा ८ सप्टेंबरला काढला, तेव्हा साथ आधीच ओसरत होती, आणि हे स्नोने स्वतः लिहिलंय. तरी साथ थांबवल्याचं श्रेय दांड्याला देतात. इथे हीच चूक होईल. योगायोगाने सहावर गेलेला तुकडा पुढच्या तीन वर्षांत काहीही न करता दोनाच्या आसपास येतो. कट बंद केला असेल तर श्रेय कटाला. 'अपघात ६७ टक्के घटले' असा फलक लागेल, आणि तेच पुढच्या दहा कटांवर होईल.

कट बंद करणं फुकट नाही. वळसा लांबला की दुचाकीवाले सेवा रस्त्यावरून उलट दिशेने येतात आणि धोका पुढच्या कटावर सरकतो. म्हणून ईझ्रा हॉअर यांनी रस्ते सुरक्षेत रुजवलेली अनुभवजन्य बेज पद्धत वापरा. तशाच रस्त्यांवरून अपेक्षित दोन, तिथला विखुरण गुणांक (असे रस्ते आपापसांत किती वेगळे निघतात त्याचं माप) समजा ०.५. वजन झालं १ भागिले (१ + ०.५ × २), म्हणजे अर्धं. निम्मं अपेक्षिताचं, निम्मं नोंदलेल्याचं: या तुकड्याचा अंदाज सहा नाही, दोनही नाही, चार.

मैलाचा_दगड

चार म्हणजे रस्त्याच्या सरासरीच्या दुप्पट. तुमच्याच हिशेबाने तिथे काहीतरी करायला हवं! बंद करण्याला माझाही विरोध आहे. पण दिवा, रस्त्यावरचे परावर्तक खुंट, वळणाऱ्यांसाठी थांबण्याची लेन, कटाआधी वेग उतरवणारे पट्टे, यांना कुठल्याच कसोटीची वाट पाहू नये. हे चुकीच्या जागी झालं तरी कुणी मरत नाही.

आणि सगळीकडे पुंजका शोधायचाही नसतो. नवी मुंबईतल्या पाम बीच रोडसारख्या सरळ, रुंद रस्त्यावर धोका वेगाचा असतो आणि पूर्ण लांबीभर पसरलेला असतो. तिथे वेग आवरण्याचा उपाय अख्ख्या रस्त्याला करावा लागतो.

वर्तकनगरी

दिवा आणि लेनला माझी सही आहे. मोहिमेच्या पत्रातून 'कट बंद करा' काढून त्याजागी एवढं घालावं: पोलिसांच्या नोंदीतले सहा अपघात अक्षांश-रेखांश आणि टक्करीच्या प्रकारासह, त्याच तीन वर्षांसाठी आजूबाजूच्या चार कटांचेही, आणि पाचही ठिकाणी संध्याकाळी सहा ते दहा उजवीकडे किती वाहनं वळतात त्याची मोजणी. तुकड्यांच्या हद्दी कापूरबावडीपासून पाचशे-पाचशे मीटरवर आत्ताच आखून टाकतो, नोंदी हातात येण्याआधी.

मैलाचा_दगड

मोजणी शनिवार-रविवारची वेगळी घ्या, आणि पादचारीही मोजा. बसथांबा कटाला लागून असेल तर वाहनांपेक्षा तेच जास्त निघतील.