अपघातानंतरची तातडीची शस्त्रक्रिया आणि लठ्ठपणा : पुढे काय सांभाळावे?

प्रश्न
माझ्या थोरल्या बंधूंना (वय ४४, उंची १७० सेंटिमीटर, वजन ११२ किलो) मोटारसायकलवरून अपघात झाला. त्याच रात्री पोट उघडून फुटलेली प्लीहा काढावी लागली आणि नंतर मांडीच्या हाडात रॉड बसवला. आता ते अतिदक्षता विभागातून वॉर्डात आले आहेत. वजनामुळे धोका अधिक आहे, असे डॉक्टर म्हणतात. पण तो नेमका कशाचा, हे राउंडच्या घाईत विचारता येत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांचे मत असे की अनायासे अंथरुणावर आहेत, तर पेज आणि नारळपाण्यावर ठेवून वजन उतरवावे. हे योग्य आहे का?

प्रतिसाद १ (भूलतज्ज्ञ)
ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेआधी साखर आटोक्यात आणायला, धूम्रपान थांबवायला, झोपेतील श्वासरोध तपासायला काही आठवडे मिळतात. अपघातात ते मिळत नाहीत, त्यामुळे ही सारी काळजी नंतर घ्यावी लागते. पहिला प्रश्न फुप्फुसांचा. स्थूल रुग्ण उताणा झोपला की पोटाचा भार श्वासपटल वर ढकलतो आणि फुप्फुसांचा तळ दबून राहतो. त्यात टाके दुखतात म्हणून तो खोकणे टाळतो, कफ साचतो आणि न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून डॉक्टरांची हरकत नसेल तर पलंगाची डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उंच ठेवावी आणि खोकताना पोटावर उशी घट्ट धरायला सांगावे. श्वासाच्या व्यायामाचे तीन चेंडूंचे यंत्र दिले असेल, तर त्यात फुंकायचे नसून श्वास आत ओढायचा असतो. निम्मे रुग्ण ते उलटेच वापरतात की काय, अशी मला शंका येते.

बंधू मोठ्याने घोरत असतील किंवा झोपेत त्यांचा श्वास अडकत असेल, तर ते आजच डॉक्टरांना सांगा. अशा रुग्णाला मॉर्फीनसारखी वेदनाशामके दिल्यास रात्री श्वास धोकादायकरीत्या मंदावू शकतो आणि ही माहिती घरच्यांकडूनच मिळते.

प्रतिसाद २ (शल्यचिकित्सक)
मला अधिक चिंता रक्ताच्या गुठळीची वाटते. वजन, मांडीचे फ्रॅक्चर, अंथरुणावर पडून राहणे आणि प्लीहा काढल्यावर वाढणाऱ्या प्लेटलेट्स, ही सगळी कारणे इथे एकत्र आली आहेत. गुठळी टाळण्यासाठी देतात त्या एनॉक्सापॅरिन या इंजेक्शनचा दिवसातून एकदा ४० मिलिग्रॅम हा नेहमीचा डोस अशा वजनाला अनेकदा अपुरा पडतो. रक्तस्रावाचा धोका पाहून तो वाढवायचा का, हे आपल्या डॉक्टरांना अवश्य विचारा. पोटरी सुजली किंवा एकाएकी धाप लागली, तर सकाळच्या राउंडची वाट पाहू नका.

चरबीच्या थराला रक्तपुरवठा कमी असल्याने जखमेत संसर्ग लवकर होतो. पाचव्या ते आठव्या दिवसाच्या सुमारास ड्रेसिंग अचानक गुलाबी पाण्याने भिजले, तर आतले टाके सुटत असण्याची शक्यता असते. मधुमेह पूर्वी नसला तरी साखर तपासून ती १८० च्या खाली ठेवावी. प्लीहा काढल्यानंतरच्या लसींचेही विचारून ठेवा.

प्रश्नकर्ता
घोरणे पुष्कळ आहे. सिस्टरना लगेच सांगितले. आहाराबाबत कोणी सांगेल का?

प्रतिसाद ३ (आहारतज्ज्ञ)
उपास मुळीच नको. मोठ्या इजेनंतर अंगावर चरबी भरपूर असूनही शरीर स्नायू मोडून वापरू लागते आणि पेजेत ती झीज भरून काढण्याइतकी प्रथिने नसतात. गंभीर आजारी स्थूल रुग्णांत आम्ही उष्मांक आवरते ठेवतो, प्रथिने मात्र आदर्श वजनाच्या किलोमागे सुमारे २ ग्रॅम धरतो. बंधूंचे आदर्श वजन ६६ किलोच्या आसपास धरले, तर हे दिवसाला १३० ग्रॅम होतात. एका अंड्यातून जेमतेम ६ ग्रॅम मिळतात, त्यामुळे पनीर, मासे, डाळ यांबरोबर बहुधा प्रथिनांची पावडरही लागेल. आकडा ठरवण्यापूर्वी क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या रक्तचाचणीचा) अहवाल डॉक्टरांना दाखवा.

प्रतिसाद ४ (फिजिओथेरपिस्ट)
पायावर किती भार द्यायचा, हे अस्थिशल्यचिकित्सकांकडून लिहून घ्या आणि परवानगी मिळताच दोन माणसांच्या आधाराने त्यांना उभे करा. वॉकर घेताना त्यावर लिहिलेली भारक्षमता आधी वाचा. ११२ किलोला सगळेच वॉकर चालत नाहीत.