नोकरी सांभाळून एम.ए. शिक्षणशास्त्र करावे का?

प्रश्न (देवगड तालुका): मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत ११ वर्षे शिकवते आहे. आता एम.ए. शिक्षणशास्त्र करावे असे वाटते, परंतु पावसाळ्यात आमच्याकडे वीज आणि नेटवर्क दोन्ही बेभरवशाचे असतात. शिवाय, त्याचा वर्गात खरोखर उपयोग होतो का?

उत्तर १: ताई, मी हीच पदवी इग्नूमधून (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठातून) घेतली, मुदत किमान २ आणि कमाल ४ वर्षांची असल्याने घाई झाली नाही. उपयोगाचे म्हणाल तर, पूर्वी मी मुलांची मालवणी ‘अशुद्ध’ म्हणून दुरुस्त करीत असे. अभ्यासानंतर मात्र ‘माका’, ‘तुका’, ‘खंय’ या शब्दांच्या चिठ्ठ्या मुलांकडूनच करून घेतल्या, शेजारी ‘मला’, ‘तुला’, ‘कुठे’ लिहिले आणि कोण कुठे अडखळते याच्या रोज नोंदी ठेवल्या.

उत्तर २: २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तासांचे व्यावसायिक विकासाचे प्रशिक्षण अपेक्षित आहे, पण आमच्याकडे त्यातील बरेच तास हजेरीच्या सहीपुरतेच उरतात. (चहा मात्र उत्तम असतो.) स्वतः निवडलेला अभ्यास मला अधिक मोलाचा वाटतो.

प्रश्नकर्ती: पुस्तके छापील मिळतात का?

उत्तर १: मिळतात, प्रवेशअर्ज भरताना तो पर्याय आठवणीने निवडा.