दोन वेळा जेवायचं की दर दोन तासांनी? अप्पांच्या साखरेवरून घरात तीन पक्ष

रातपाळीवाल्याची_लेक
अप्पांचं वय ५८. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल विणायच्या मागावर कामाला आहेत, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. वजन ८६, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ८.४. गोळ्या दोन, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड.

आमचे डॉक्टर म्हणतात, दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं खा. आत्या डॉ. दीक्षितांची पक्की भक्त: दोनच वेळा, ५५ मिनिटांच्या आत, मध्ये काही नाही. तिचं स्वतःचं वजन खरंच उतरलंय, त्यामुळं तिच्यापुढं बोलायची सोय नाही. भाऊ पुण्याहून फोन करतो, भाकरीच बंद करा, अंडी-पनीर चालू करा. सोलापुरात भाकरी बंद! अप्पा म्हणाले, "मग मलापण बंदच करा की."

तिघंही कुठल्या ना कुठल्या एमडीचा हवाला देतात. एवढी शिकलेली माणसं एकमेकांच्या उलट कशी बोलतात? आणि रातपाळीवाल्यानं कुणाचं ऐकायचं?

जुना_केमिस्ट
ताई, आहाराचं नंतर, आधी गोळीचं बघा. ग्लिमेपिराइड शरीराला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. ती घेऊन जेवण चुकलं की साखर एकदम खाली येऊ शकते. दरदरून घाम, हातपाय थरथर, डोळ्यांपुढं अंधारी. चालू मागाशेजारी उभ्या माणसाला हे परवडतं का? नुसत्या मेटफॉर्मिनवर हा धोका फार कमी असतो. आत्याबाईंचं पथ्य धरायचंच असेल तर आधी डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्या. लोक जेवण निम्मं करतात आणि गोळ्या तशाच चालू ठेवतात, काउंटरवर उभं राहून हे सांगून सांगून माझा घसा बसला. या एका गोष्टीवर मात्र डॉक्टरांचं भांडण नाही.

माळदांडी
उलट बोलतात कारण प्रत्येकाच्या हातात वेगळा पुरावा आहे. प्रागमधल्या २०१४ च्या अभ्यासात ५४ मधुमेहींना तेवढ्याच कॅलरी आधी-नंतर दोन्ही पद्धतींनी दिल्या, सहा छोट्या वेळा आणि दोन मोठ्या वेळा. दोनवाल्या पद्धतीत वजन जास्त उतरलं. आत्या खूश होतील. पण ती दोन जेवणं म्हणजे सकाळची न्याहारी आणि दुपारचं जेवण, आणि प्रत्येक पद्धत १२ आठवडेच होती.

ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' अभ्यासात (२०१७) तर वेळांचा प्रश्नच नव्हता. काही महिने दिवसाला साधारण ८५० कॅलरीचा पातळ आहार, मग हळूहळू नेहमीचं जेवण. वर्षानं ४६ टक्के लोक औषधाविना मधुमेहाच्या रेषेखाली. ज्यांचं वजन १५ किलो किंवा जास्त उतरलं त्यांच्यात ८६ टक्के. मात्र ते सगळे सहा वर्षांच्या आतले मधुमेही होते आणि इन्सुलिनवाले त्यात घेतलेच नव्हते. अप्पांना मधुमेह होऊन किती वर्षं झाली?

भाकरीचं म्हणाल तर ज्वारी काय, गहू काय, शंभर ग्रॅममागं सत्तरच्या आसपास कर्बोदकंच. ज्वारी 'शुगरला चालते' म्हणून तीन-चार हाणायच्या, हे आपल्याकडं घरोघरी चालतं. बंद नको, मोजून खा.

नवीपेठकर
सगळं मान्य, शेंगाचटणीला कुणी हात लावायचा नाही.

माळदांडी
लावतो की. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात साडेपाचशेच्या वर कॅलरी आहेत. साखर फारशी वाढत नाही, पण वजन? चमचाभर खा, वाटीभर नको.

रातपाळीवाल्याची_लेक
नऊ वर्षं झाली. म्हणजे ते ४६ टक्के आमचे नव्हेत, बरोबर ना.

काल पहिल्यांदाच नीट विचारलं, रात्री खाता काय? "काय नाय, नुस्ता चहा." खोदून विचारल्यावर कळलं, कारखान्यात चहा सारखा फिरत असतो आणि तो गोडमिट्ट. सोबत खारी. म्हणजे डॉक्टरांचं 'दर दोन तासांनी' अप्पा इमानदारीनं पाळतायत! त्यात डबा पहाटे उघडतात आणि सकाळी घरी येऊन गोळी घेऊन झोपतात, बऱ्याचदा न जेवताच. केमिस्ट काका, हे वाचून मला धस्स झालं.

जुना_केमिस्ट
व्हायलाच पाहिजे. गोळी जेवणासोबतच, हे आजच सांगा. रातपाळीच्या आठवड्यात ती कधी घ्यायची आणि घ्यायची का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. ते तीन-तीन तासांनी खायला का सांगतात, त्याचं उत्तर कदाचित या गोळीतच मिळेल. तोवर अप्पांच्या खिशात ग्लुकोजची पुडी असू द्या.

रातपाळीवाल्याची_लेक
सोमवारची वेळ घेतलीय. चहा बिनसाखरेचा, खारी बंद, भाकरी दोन. आत्यापण दवाखान्यात येणार म्हणते, डॉक्टरांना तिचे दोन प्रश्न आहेत.