एफए कपात आता जीव उरलाय काय?

कॅम्पातला_राइटबॅक
रविवारी कट्ट्यावर यावरनं जवळजवळ हाणामारी व्हायची वेळ आली म्हणून इथं टाकतोय. माझं म्हणणं सरळ हाय, एफए कप, म्हणजे इंग्लंडच्या लहानमोठ्या सगळ्या क्लबांचा नॉकआउट कप, तो संपला. 1871-72 ला सुरू झालेली, जगातली सगळ्यात जुनी फुटबॉल स्पर्धा, सगळं मान्य, पण जुनं म्हणजेच भारी असतं तर आमच्या आजोबांची सायकल अजून खडेबाजारात फिरली असती. क्लबांनाच तो नको झालाय. फेब्रुवारी 2025 मध्ये लिव्हरपूलनं दहा बदल करून टीम प्लायमथला पाठवली आणि 1-0 हरून परत आली, प्लायमथ तेव्हा दुसऱ्या डिव्हिजनच्या तळाला होतं बघा. माझा रूममेट कट्टर लिव्हरपूलवाला, मला वाटलं हा दोन दिवस जेवत नाही, तर गडी म्हणतो बरं झालं, लीगवर लक्ष देता येईल. आणि दिली की लीग मारून!
पैशाचं बघा. फायनल जिंकली की 20 लाख पौंडांच्या आसपास. प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या डिव्हिजनला, शेवटच्या नंबरावर येऊन खाली गेलात तरी 10 कोटी पौंडांच्या वर. मालकानं कशाकडं बघायचं? सुरुवात मँचेस्टर युनायटेडनंच केली, 1999-2000 ला कप त्यांच्याकडं असताना ते खेळलेच नाहीत, ब्राझीलला क्लब वर्ल्ड चॅम्पियनशिपला गेले. तिथंच कपाचा तेरावा झाला. आपण नुसतं श्राद्ध घालूलोय.

चोर्ला_घाट
लीगच्या टेबलात चौथा नंबर आला, युरोपच्या स्पर्धेचं तिकीट मिळालं म्हणून कुणी ओपन बसमधनं मिरवणूक काढलेली बघितलाईस काय रे?

खानापूर_लोकल
राइटबॅक, तू सगळं लिव्हरपूलच्या खिडकीतनं बघूलाईस. जरा प्लायमथच्या खिडकीतनं बघ की. त्या सीझनला ते खालच्या डिव्हिजनला गेले, पण त्यांच्या पोरांना त्या वर्षातलं काय आठवणार, टेबल काय?
आणि जानेवारी 2025 ची टॅमवर्थ-टॉटनहॅम मॅच बघितलीस का नाही? टॉटनहॅम प्रीमियर लीगमधला बडा क्लब, टॅमवर्थ म्हणजे पाचव्या डिव्हिजनची टीम, प्लास्टिकचं ग्राउंड, गोलच्या जाळीला भोक पडलेलं ते बुजवण्यात मॅच उशिरा सुरू झाली. आपल्याकडं जाळी असते तरी कुठं म्हणा. गोलकीपर जस सिंग, आपला सरदार गडी, नोकरी बिल्डिंग सर्व्हेअरची. 90 मिनिटं टॉटनहॅमला एक गोल करू दिला नाही भावा! 0-0. शेवटी सॉन आणि कुलुसेव्हस्की या त्यांच्या मेन प्लेयरना बेंचवरनं उठवावं लागलं, तेव्हा कुठं एक्स्ट्रा टाइममध्ये 3-0 झालं. आता जुना नियम असता तर 0-0 ला काय झालं असतं? रिप्ले, म्हणजे दुसऱ्या टीमच्या ग्राउंडवर परत मॅच. टॅमवर्थ सगळं गाव घेऊन लंडनला टॉटनहॅमच्या स्टेडियमवर गेलं असतं, साठ हजारांच्या वर बसतात तिथं, आणि गेटच्या पैशात टॅमवर्थला वाटा. तेवढ्यात त्या क्लबचं वर्षाचं भागलं असतं. पण नेमके त्याच सीझनपासून पहिल्या राऊंडपासनंचे सगळे रिप्ले बंद केले, कारण काय तर मोठ्या क्लबांचं कॅलेंडर भरलंय. म्हणजे कप संपला नाही, त्याच्या ताटातलं काढून घेतलं, आणि आता तुम्हीच म्हणणार हा बारीक का झाला.

कॅम्पातला_राइटबॅक
रिप्लेचं पटलं, तिथं वाद नाही. पण भावनेवर क्लब चालत नाही हे पण बघा. 2008 ला पोर्टस्मथनं कप जिंकला, कानूचा गोल, सगळे नाचले. प्लेयर आणलेले ऐपतीच्या बाहेरचे. दोन वर्षांत क्लब दिवाळखोरीच्या कारभारात आणि 2013 पर्यंत चौथ्या डिव्हिजनला. विगननं 2013 ला मँचेस्टर सिटीला फायनलमध्ये 1-0 हरवलं, बेन वॉटसनचा शेवटच्या मिनिटाचा हेडर, आणि तीनच दिवसांनी आर्सेनलकडं 4-1 हरून प्रीमियर लीगमधनं बाहेर. परत अजून वर आलेले नाहीत. घरचं छप्पर उडालं तर भिंतीवरचा फोटो बघून पोट भरतं काय?

निपाणी_नाका
विगनवाल्याला जाऊन विचार, कप परत दे आणि लीगमध्ये एक वर्ष जास्त घे म्हणून. हाणंल तुला.
मी क्रिस्टल पॅलेसवाला, आणि 17 मे 2025 ची मँचेस्टर सिटीबरोबरची कपाची फायनल मी निपाणीत काकांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत मोबाइलवर बघितली, रात्री नऊला सुरू, मध्येच लाइट गेली, मग हॉटस्पॉट दुसऱ्याचा. पॅलेस 1905 चा क्लब, तोवर एकसुद्धा मोठी ट्रॉफी नाही. 16 व्या मिनिटाला आमच्या एझेचा गोल. मग सिटीला पेनल्टी, हालँडनं स्वतः न मारता बॉल मार्मुशला दिला आणि आमचा गोलकीपर हेंडरसननं अडवली, मी इतक्या जोरात ओरडलो की काकू खाली विचारायला आली कोण पडलं म्हणून. उरलेला तासभर सिटी नुसतं घिरट्या घालत होतं आणि मी गुडघ्यावर बसून. 1-0.
पण मला लागलं ते मॅचच्या आधीचं. पॅलेसच्या स्टँडमध्ये एक भलामोठा पडदा वर आला, त्यावर जुन्या मॅचमधला फोटो रंगवलेला, एक बाप गोल झाल्यावर दोन पोरांना कवटाळून ओरडतोय. तो बाप मधल्या काळात गेला. पोरं त्या दिवशी स्टेडियमात होती. आता मला सांग राइटबॅक, बाराव्या नंबरावर राहिल्याबद्दल असला पडदा कोण शिवतं?

चोर्ला_घाट
आणि मग त्याच पॅलेसला कप जिंकून मिळालेल्या युरोपा लीगमधनं काढून खालच्या कॉन्फरन्स लीगला टाकलं, मालकाचा दुसऱ्या क्लबात हिस्सा म्हणून 😂 ग्राउंडवर कमावलं ते ऑफिसात गेलं.

निपाणी_नाका
गेलं तर गेलं. कप कपाटात हाय.

लेले_ग्राउंड_जुना
दोन्ही बाजूंनी इंग्लंडचं चाललंय म्हणून म्हातारा मध्ये पडतोय. कप मरतो म्हणजे कसा मरतो ते आपल्याकडं बघा. मुंबईचा रोव्हर्स कप, 1891 चा. 1937 ला आपल्या बेंगळुरूच्या बेंगलोर मुस्लिम्सनी तो मारला, त्याआधी तो गोऱ्या पलटणींच्याच टीमा न्यायच्या. काय अब्रू होती त्या कपाची! 2001 नंतर बंद पडला, आता मुंबईच्या कूपरेज ग्राउंडच्या बाहेर उभ्या असलेल्या पोराला विचारा, त्याला नाव पण सांगता येत नाही. ड्युरंड कप 1888 चा, तो टिकला कारण त्याच्या मागं लष्कर उभं राहिलं, 2022 ला तर बेंगळुरू एफसीनं जिंकला. म्हणजे जुनेपणानं कप जगत नाही हे राइटबॅकचं खरं, कुणीतरी धरून ठेवावा लागतो.
आणि धरून ठेवणं म्हणजे काय ते बघायचं तर लांब कशाला, बस पकडून कोल्हापूरला शाहू स्टेडियमला जावा. पाटाकडील विरुद्ध शिवाजी, म्हणजे तिथल्या पेठांच्या टीमांची मॅच असली की पेठेतली म्हातारी माणसं औषधाची पिशवी घेऊन येऊन बसतात. कुठल्या चषकाची मॅच हे निम्म्यांना माहीत नसतं. पेठ हरायची नाही एवढंच. युरोपचं तिकीट नाही, टीव्हीचे करोडो नाहीत, तरी मरत नाही. तुमचे मोठे क्लब कपाला बी टीम पाठवतात ती त्यांची पेठ राहिली नाही म्हणून. पब्लिक जगभर, गल्ली कुठंच नाही.

कॅम्पातला_राइटबॅक
काका हे भारी बोललासा. पण मग माझंच खरं झालं की, मोठ्या क्लबांना कप नको हाय. मी एवढंच म्हणतोय.

खानापूर_लोकल
तू "संपला" म्हणालास. आता "मोठ्यांना नको" वर आलास. गोलपोस्ट उचलून निम्म्या ग्राउंडवर आणलास की.
आमच्या तालुक्यात नॉकआउटला एकदा बेळगावातली तगडी टीम आली होती, त्यांचे चार मेन प्लेयर गाडीतच बसून, म्हणे या गावठी टीमला कशाला दमायचं. 1-1 झालं. अंधार पडला, तर दोन बुलेट आणि एक ट्रॅक्टर गोलच्या मागं लावून हेडलाइटवर टायब्रेकर घेतला. गाडीतले चौघं बूट बांधत पळत आले, पंचांनी घेतलं नाही. तो उजेड, ती धूळ आणि लाइनवर उभी असलेली अख्खी गल्ली. त्यातल्या एकाला पण लीगचं टेबल पाठ नव्हतं.

कॅम्पातला_राइटबॅक
जिंकलासा काय मग?

खानापूर_लोकल
हरलो. शेवटची पेनल्टी आमच्या आठवीतल्या पोरानं ट्रॅक्टरवर मारली, हेडलाइट फुटली. आता तो पोलिसात हाय, तरी गावात आला की पहिला प्रश्न तोच, हेडलाइटचे पैसे कधी देणार.